विकत घेतलेला खेळ कोणाचा?

सोंगट्या विकत घेतल्या म्हणजे त्या आपल्या झाल्या, याविषयी आपल्या वाडवडिलांना कधी शंका आली नाही. पट फडताळात पडून असे, उंदीर त्याचा एखादा कोपरा कुरतडत, आणि दोन पिढ्यांची भांडणे त्याच्यावर होऊन गेलेली असत. पत्त्यांच्या जोडातला चौकटचा गुलाम हरवला तरी जोड कोणी टाकीत नसे. त्याच्या जागी जोकर घालून डाव चालू राही. दुकानदाराला पैसे दिले, वस्तू घरी आणली, व्यवहार संपला.

आमच्या पिढीच्या वाट्याला आलेला टीव्ही गेमही याच जातीचा. १९९०नंतरच्या दिवाळ्यांत मुंबईचे चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसत, तेव्हा एखाद्याच्या पिशवीत तो खोका असे. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या यंत्राची ती नक्कल. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे धडधडीत छापलेले. आत ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’ आणि आणखी पाचपंचवीस, तेच ते वेष पालटून. म्हणजे फसवणूक तेव्हाही होती. पण कॅसेट अडली तर तिच्या तोंडात फुंकर मारून चालू करणे आपल्या हातात होते. शेजारच्याला ती उसनी देता येई, कंटाळा आला की वरती थोडे पैसे घालून बदलूनही आणता येई.

आता खेळ फुकट मिळतो, आणि तिथूनच घोळाला आरंभ होतो. ‘पबजी मोबाइल’ २०१८ साली आला. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवून झालेली. त्या दिवसांत अलिबागपासून मुरुडपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात जावे, तर देवळाच्या आडोशाला पाचसहा पोरे माना खाली घालून बसलेली, आणि मधूनच ‘अरे मागून आला, मागून आला!’ असा ओरडा. खेळायला पैसा लागत नाही. लागतो तो डगल्याला. अंगात झगमगीत डगला, बंदुकीला सोनेरी मुलामा. त्याने नेम काही सुधारत नाही. आता कोणी म्हणेल, पोराने हौसेने डगला घेतला तर बिघडले कुठे? जत्रेत आपणही काळा चष्मा घेतलाच होता की. बिघडते ते विकण्याच्या तऱ्हेत. रुपयांनी डगला मिळत नाही; आधी रुपयांचे ‘युसी’ करावे लागतात. युसीच्या पुड्या ठरावीक आकाराच्या, डगल्याची किंमत त्यांच्याशी सहसा न जुळणारी. मग हातात चिल्लर उरते, आणि ती खपवायची तर आणखी एक पुडी घ्या. सुटे नाहीत म्हणून हातावर गोळ्या ठेवणारा वाणी यापुढे भाबडा वाटावा! शिवाय फर्मास डगला बहुधा सरळ विकायला ठेवीतच नाहीत. तो बंद पेटीत असतो. पेटी उघडा, निघाला तर निघाला.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी नादावलेल्या जुगाऱ्याचे एक अख्खे सूक्त आहे. बायकोने झिडकारलेल्या, सासूला नकोसा झालेल्या त्या बिचाऱ्याला निदान फासे डोळ्यांसमोर पडताना दिसत होते. पेटीतले फासे कंपनीच्या संगणकात पडतात. जपानने २०१२ साली या पेट्यांचा एक प्रकार बंद पाडला. चीनने २०१७पासून कोणती वस्तू निघण्याचा संभव किती, हे जाहीर करायला लावले. बेल्जियमने २०१८ साली तो जुगारच ठरवला. २०१७ सालच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळाच्या वेळी तर खेळणाऱ्यांनीच एवढा गिल्ला केला, की प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीला आतली पैशांची खरेदी थांबवावी लागली. ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकी सरकारला ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, त्यातले साडेचोवीस कोटी फसव्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीपोटी परत करायचे होते. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर, मग ती रमी असो की क्रिकेटचा कागदी संघ, बंदीचा कायदा केला. ते उत्तम झाले असे माझे मत आहे. पण पेटीतून रुपये निघत नाहीत, डगला निघतो. त्यामुळे आपल्याकडे पेटीविषयी फारसे कोणी बोलत नाही.

डगला निघाला, तरी तो कोणाचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. वीज नाही, रेंज नाही, म्हणून पबजीही नाही. वीज आली, पोरे पुन्हा बसली. आणि २ सप्टेंबरला केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेसाठी ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. ३० ऑक्टोबरला त्याचा भारतातला कारभार थांबला. देशापुढे डगला तो काय, हे मान्यच. पण दोन वर्षे चार पैसे बाजूला काढून जमवलेली ती दौलत वादळात नव्हे, कोरड्या दिवशी गेली. पुढे जुलै २०२१मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आला आणि काही मुदतीपुरती जुनी खाती हलवण्याची सोय झाली. ज्यांना वेळेवर कळले ते तरले. जुलै २०२२मध्ये तोही दुकानातून काढला गेला. मे २०२३मध्ये परतला तो अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, थोरांना सहा, अशा मर्यादा घेऊन.

यात सरकारचाच हात लागतो असे नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपला सर्व्हर बंद केला आणि घरोघरच्या तबकड्या नुसत्या चकत्या होऊन बसल्या. त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५मध्ये युरोपात तिच्या सह्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. मागणी माफक आहे: दुकान बंद करा, पण विकलेला खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा. कंपन्या म्हणतात, ते फार खर्चाचे आहे. कॅलिफोर्नियात २०२५पासून तरी, नुसता परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येत नाहीत. भाषेच्या शिक्षकाला या कायद्याचे विशेष कौतुक वाटावे.

सगळेच विकणारे एका माळेचे मणी नाहीत, हेही सांगायला हवे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ हा खेळ काढला. लोकवर्गणीची मोहीम फसली होती, तरी काम सोडले नाही. भाऊ हरवलेल्या मुलीची ती कथा. एकदा किंमत द्यायची आणि शेवटपर्यंत खेळायचे, मध्ये पेटी नाही की पुडी नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या बाहेर पडतात. किनारा दिसेनासा झाला की रेंजही जाते. जाण्यापूर्वी धक्क्यावर बर्फ भरून होईपर्यंत खलाशी पोरे फोनमध्ये नेटवाचून चालणारे खेळ उतरवून घेत असतात. बहुतेक लुडो, एखादा गाड्यांचा. डगलेवाला खेळ तोवर घरी राहतो.