तिकिटावर न भागणारा खर्च
बेथोव्हेनचे तंतुवाद्य-चतुष्क वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार वादक लागत; आजही चारच लागतात. यंत्रांमुळे कारखान्यातले दरडोई उत्पादन वाढते, इथे ते जवळपास थिजलेले. मानधन मात्र इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. ही कोंडी विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडली. अमेरिकेतील ना-नफा नाट्य, नृत्य, संगीत संस्थांच्या निधीच्या मागणीला तिचा भक्कम आधार आहे. अशा संस्थांना अनुदान देणारा तेथील सरकारी राष्ट्रीय कला निधी १९६५ चा. त्याच्या अनुदानाइतकीच रक्कम संस्थेला सहसा बाहेरून उभारावी लागते, हे सरकारी अनुदानाचे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. १९९६ मध्ये या निधीची तरतूद सुमारे १६ कोटी डॉलरवरून १० कोटींवर आली. अशी कपात टाळण्यासाठी या ना-नफा संस्थांना लोकप्रतिनिधींकडे मर्यादित पाठपुरावा करता येतो. निवडणुकीतील उमेदवाराचा प्रचार मात्र त्यांना निषिद्ध आहे.