नेपच्यूनचा दरबार आणि नवख्यांच्या उठाबशा

बीड शहरातून नकाशावर सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली, तर ती कर्नाटक ओलांडून केरळात कोझिकोडच्या आसपास समुद्राला मिळते. तिथून पुढे जमीन नाही. आणखी साधारण साडेबाराशे किलोमीटर पाणी कापले की विषुववृत्त येते. बीडपासून हे अंतर सुमारे २१०० किलोमीटर. पाण्यावर तिथे काहीच दिसत नाही, कंपासचा काटाही हलत नाही. तरीही ही न दिसणारी रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्या खलाशाची जहाजावर काही शतकांपासून ‘परीक्षा’ घेतली जाते.

या सोहळ्यात समुद्राचा रोमन देव नेपच्यून जहाजावर दरबार भरवतो. दाढी, मुकुट, त्रिशूळ असे सगळे सोंग एखादा जुना खलाशीच घेतो. दुसरा एक जण राणी होतो. नवख्यांना म्हणायचे ‘पॉलिवॉग’, म्हणजे बेडकाचे शेपटीवाले पिल्लू. रेषा ओलांडलेला तो ‘शेलबॅक’, पाठीवर कवच असलेला. त्या दिवसापुरता हुद्दा बाजूला राहतो. अधिकारी नवखा असेल तर साधा खलाशीही त्याला दरबारात उभा करतो. नवख्यावर गमतीचे आरोप ठेवतात, न्हावी येऊन तोंडाला काहीबाही फासतो, लाकडी वस्तऱ्याने खरवडतो आणि पाण्याच्या हौदात उलटे पाडतो. दरबारात एक खोटा डॉक्टरही असतो. तो कडूजहर गोळ्या देतो आणि त्या तिथेच गिळाव्या लागतात. शेवटी प्रमाणपत्र मिळते.

या खुर्चीवर बसलेला सर्वांत प्रसिद्ध नवखा म्हणजे चार्ल्स डार्विन. एडिंबरोचे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेला हा तरुण १७ फेब्रुवारी १८३२ रोजी ‘बीगल’ जहाजातून विषुववृत्त ओलांडत होता. तेव्हा त्याला तेविसावे वर्ष पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीच्या खरबरीत तुकड्याने तो खरवडला आणि मग त्याला पाण्यात उलटे पाडले. त्याने रोजनिशीत हे नोंदवून ठेवले आहे. इतरांच्या मानाने आपल्याला सौम्य वागणूक मिळाली, असेही त्याने लिहिले. अनेकांना हा प्रकार मूर्खपणाचा वाटतो, हे कॅप्टन फिट्झरॉय यांना ठाऊक होते. तरी लांबच्या सफरीत माणसांची मने रमतात, म्हणून त्यांनी त्याची बाजू घेतली.

भारतीय नौदलाच्या जहाजांवरही हा सोहळा होतो. मॉरिशस किंवा सेशेल्सकडे जाणाऱ्या जहाजाला रेषा ओलांडावीच लागते. मराठी माणसांपैकी ठळक नाव कमांडर दिलीप दोंदे यांचे. १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून ते मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या वाटेवर विषुववृत्त जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावे लागते. एकट्या माणसाच्या नौकेवर नेपच्यून कोण होणार आणि न्हावी कोण? पुढे १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. या सगळ्यांची खरी परीक्षा दक्षिण महासागराच्या लाटांनी घेतली. तिथे कोणाच्या तोंडाला डांबर फासण्याची गरज पडली नाही.

वैद्यकीय नजरेने पाहिले तर या सोहळ्यातले सोंग निरुपद्रवी आहे, साहित्य नाही. डांबर कातडीला चिकटते. ते खरवडून काढताना वरचा थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. एकच वस्तरा अनेकांच्या गालावरून फिरला तर हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. (जत्रेत जावळ काढताना किंवा सलूनमध्ये नवे पाते मागायचे ते याचसाठी. यात लाजण्यासारखे काही नाही.) तोंड फेसाने भरलेले असताना माणसाला अचानक उलटे बुडवले, तर पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. पोहता येणारा माणूसही अशा वेळी गुदमरतो, कारण त्याने श्वास रोखायची तयारी केलेली नसते.

सोंग मागे पडून केवळ छळ उरला, अशीही उदाहरणे आहेत. काही जहाजांवर नवख्यांना दोन रांगांमधून रांगायला लावत आणि कापलेल्या रबरी पाइपांनी झोडपत. ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑन्स्लो’ पाणबुडीवरच्या अशा सोहळ्याची चित्रफीत १९९५ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तिच्यात खलाशांवरचा लैंगिक अत्याचार दिसत होता. अमेरिकी नौदलाने १९९७ मध्ये नवख्यांच्या छळाविरुद्ध स्पष्ट नियम काढले.

समुद्र दूर असला तरी ही परीक्षा मराठवाड्याच्या ओळखीची आहे. वसतिगृहात, प्रशिक्षण केंद्रात, कधी गावच्या तालमीतही नव्या मुलाला ‘दोनशे उठाबशा काढ’ असे फर्मावले जाते. मारले नाही, जखम नाही, मग बिघडले काय, असे फर्मावणाऱ्यांना वाटते. बिघडते ते मूत्रपिंड.

सवय नसलेल्या माणसाने एका दमात शेकडो उठाबशा काढल्या की मांड्यांचे स्नायू नुसते दुखत नाहीत, त्यांच्या पेशी फुटतात. या विकाराला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. स्नायूंतले मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत जाऊन त्या तुंबवते. स्नायूंतले पोटॅशियमही रक्तात येते. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो. सीपीके नावाच्या रक्ततपासणीचा आकडा एरवी साधारण दोनशेच्या आत असतो. अशा रुग्णात तो हजारोंत जातो. पाइपाने किंवा काठीने मांड्यांवर झोडपल्यावरही नेमके हेच घडते. कातडी फाटलेली नसली तरी आतला स्नायू चेंगरलेला असतो. त्यात उन्हाळा असेल, पाणी प्यायला दिलेले नसेल, तर मूत्रपिंडाला सावरायला वाव राहत नाही. बीडच्या मे महिन्यात भरतीसाठी भर दुपारी धावणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे. तिथे छळ करणारा कोणी नसतो एवढाच फरक.

ओळखायचे कसे? पहिल्या दिवशी फक्त अंग दुखते. एक-दोन दिवसांत मांड्या टणक होतात, सुजतात, जिना उतरता येत नाही. मग लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते किंवा अगदी कमी होते. इथे मुले हमखास एक चूक करतात. घडलेले सांगायची लाज किंवा भीती असते, म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखीची गोळी आणून खातात. आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर ही गोळी आणखी भार टाकते. वेळेत सलाइन सुरू झाले तर बहुतेकांचे मूत्रपिंड वाचते. उशीर झाला तर काही आठवडे डायलिसिस लागू शकते. डॉक्टरांना कारण खरे सांगितले तर निदान लगेच होते. नाही सांगितले तर मूतखडा, कावीळ अशा वाटांनी तपास भरकटतो.

एवढे सोसूनही सोसणारेच ही प्रथा का चालवतात? ‘आम्हीही सोसले, आमचे काय बिघडले?’ हे वाक्य जहाजावर आणि वसतिगृहात सारखेच ऐकू येते. १९५९ मध्ये एलियट ॲरॉन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी काही विद्यार्थिनींना फार ओशाळवाणे शब्द मोठ्याने वाचायला लावले. काहींना सौम्य शब्द दिले, काहींना तसाच प्रवेश दिला. नंतर ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. जास्त ओशाळलेल्या मुलींनाच ती सर्वांत चांगली वाटली. इतका त्रास उगाच काढला, हे स्वतःशी कबूल करणे माणसाला जड जाते, म्हणून तो त्रासाला मोल चढवतो. पण यावरून छळाने गट एकजीव होतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. अमेरिकेतल्या एका विद्यार्थी संघटनेतल्या नवख्यांचा प्रत्यक्ष मागोवा घेऊन २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कठोर छळामुळे एकोपा वाढतो याला त्यात फारसा आधार मिळाला नाही.

एकत्र कष्ट केल्याने माणसे जवळ येतात, यात मात्र तथ्य आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात लोक निखाऱ्यांवरून चालतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्या त्यांच्या आप्तांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय जुळलेली आढळली. परक्या प्रेक्षकांची जुळली नाही. निखाऱ्यांवरून चालणारे तिथे स्वतःहून चालतात. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातूनच पंढरपूरकडे जाते. पायाला फोड येतात, पावसात झोपावे लागते. पण वीस वाऱ्या केलेला म्हातारा पहिल्यांदा आलेल्या पोराच्या पाया पडतो.

कायद्याने नवख्याच्या बाजूने बरेच काही ठेवले आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्याला महाविद्यालयातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियमही आहेत. देशपातळीवरचा मोफत क्रमांक १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असतो. आधी फोन की आधी दवाखाना, असा प्रश्न पडला आणि लघवी चहासारखी झाली असेल, तर आधी दवाखाना. फोन तिथे खाटेवरूनही करता येतो.