गाडी एक, नावे दोन. मग हमी वेगळी का?

2022 सालची गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील दोघे मावसभाऊ आमच्याकडे आले. थोरला कारखान्यात मशीनवर, धाकटा ड्रायव्हर. बँकेचे पाच वर्षांचे कर्ज काढून दोघांत मिळून एक गाडी घ्यावी, असे त्यांनी ठरविले होते. दोघांच्या घराण्यातली ही पहिलीच चारचाकी. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी दोन माहितीपत्रके आमच्यासमोर ठेवली. एक मारुती सुझुकीच्या बलेनोचे, दुसरे टोयोटाच्या ग्लान्झाचे.

थोरला म्हणाला, ''दादा, सगळे म्हणतात या दोन्ही गाड्या एकच आहेत. मग एकीची वॉरंटी दोन वर्षे आणि दुसरीची तीन वर्षे कशी? जिची कमी, तिचा माल हलका असणार ना?''

प्रश्न साधा होता, पण त्यात पाच वर्षांचे हप्ते अडकले होते. सर्वसामान्य माणसाची गाडी ही हौस कमी आणि हिशेब जास्त असतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

लोखंड एकच

बलेनो ही गाडी भारतात 2015 साली आली. पुढे मार्च 2018 मध्ये सुझुकी आणि टोयोटा या दोन जपानी कंपन्यांनी भारतात एकमेकींना गाड्या पुरविण्याचा समझोता केला. त्यातूनच जून 2019 मध्ये ग्लान्झा बाजारात आली. गुजरातमधील हंसलपूर येथील सुझुकीच्या कारखान्यातच ती तयार होऊ लागली. इंजिन तेच 1.2 लिटरचे, सांगाडाही तोच. फरक मुख्यत्वे समोरची जाळी, नावाचा बिल्ला, आतली रंगसंगती, थोड्याफार सोयी आणि किंमत यांत.

पण हमीचा कागद मात्र वेगळा होता. त्या काळी मारुतीची हमी 2 वर्षे किंवा 40,000 किलोमीटर, तर टोयोटाची 3 वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटर होती. दोन्हीकडे अट एकच, ''जे आधी पूर्ण होईल ते.''

हमी देतो कोण?

येथेच आपली गफलत होते. हमी म्हणजे यंत्राचे आयुष्य, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती गाडी विकणाऱ्याने दिलेले लेखी वचन असते. गाडी कोणाच्याही कारखान्यात बनो, बिल्ला ज्याचा, वचन त्याचे. दोन कंपन्यांनी आपसांत कोणता खर्च कोणी सोसायचा, हा त्यांचा व्यवहार. आपला करार हमीपुस्तिकेवर ज्याचे नाव आहे त्याच्याशी. म्हणून बलेनोचा मालक ''गाडी तीच आहे हो'' म्हणत टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये गेला, तर त्याला फुकट दुरुस्ती मिळणार नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हिशेबाची वही आमच्या ओळखीची. गाडी विकली की हमीच्या काळात दुरुस्तीवर किती खर्च येईल, याचा अंदाज बांधून कंपनी आपल्या हिशेबात तेवढी तरतूद करते. हमी जितकी लांब, तितकी तरतूद मोठी. म्हणजे लांब हमी हे दान नव्हे. तो खर्च कंपनी एकतर किमतीतून वसूल करते, किंवा गिऱ्हाईक ओढण्यासाठी स्वतः सोसते. आणि छोटी हमी देणारी कंपनी वाढीव हमी वेगळे पैसे घेऊन विकते.

मग कोण लांब हमी देतो? बहुधा ज्याला गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायचा असतो तो. अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. तेथे ह्युंदाईच्या गाड्यांचे नाव खराब झाले होते. तेव्हा 1998 साली त्या कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी 10 वर्षे किंवा 1 लाख मैलांची हमी जाहीर केली.

त्याच देशात पाँटिअॅक व्हाइब आणि टोयोटा मॅट्रिक्स या एकाच घडणीच्या जुळ्या गाड्या होत्या. व्हाइब विकणाऱ्या जनरल मोटर्सने 2007 च्या मॉडेलपासून इंजिन-गिअरबॉक्सची हमी 5 वर्षे किंवा 1 लाख मैल केली. टोयोटाची 5 वर्षे किंवा 60 हजार मैलच होती. म्हणजे तेथे टोयोटाची हमी कमी, तर आपल्याकडे ग्लान्झाच्या वेळी तिचीच जास्त! लोखंड तेच असून कागद बदलतो, तो असा बाजार पाहून.

आणखी एक पुरावा घ्या. जुलै 2024 मध्ये मारुती सुझुकीनेही आपली हमी 3 वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटर केली. त्या एका दिवसात गाडीचे लोखंड काही बदलले नव्हते.

आपला हिशेब आपण करावा

त्या दोघा भावांना आम्ही कागदावर आकडेमोड करून दाखविली. समजा, गाडी फक्त घरच्यांसाठी आहे आणि रोज सरासरी 25 किलोमीटर चालते. वर्षाला सुमारे 9,000 किलोमीटर झाले. येथे आधी वर्षे संपतात. पण समजा, गाडी रोज 150 किलोमीटर, महिन्यातून 26 दिवस पळते. महिन्याला 3,900 किलोमीटर! मग 40,000 ची मर्यादा साधारण दहा महिन्यांतच संपते आणि एक लाखाची दोन वर्षांनंतर. हप्ते मात्र पाच वर्षे चालूच. हमी संपल्यावर हप्ताही आपला आणि दुरुस्तीही आपलीच.

भाड्याने चालवायच्या गाडीची हमी काही कंपन्या वेगळी ठेवतात. तशी गाडी घेणाऱ्यांनी पुस्तिकेतील तो भाग सही करण्यापूर्वी वाचावा. छोट्या हमीची गाडी स्वस्त मिळत असेल, तर वाढीव हमीची किंमत तिच्यात मिळवून मगच तुलना करावी. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या त्या कंपनीची असते. ब्रेक पॅड, वायपर असे झिजणारे भाग सहसा हमीत येत नाहीत. ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल, तर हमी नाकारली जाऊ शकते.

कागद जपा

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. मिक्सर सात महिन्यांत बंद पडला. हमीपत्र होते, पण त्यावर दुकानदाराचा शिक्का नव्हता आणि पावती आम्ही मागितलीच नव्हती. इतरांचे अर्ज लिहून देणारे आम्ही, आणि आमचाच कागद कोरा! दुरुस्तीचे पैसे मुकाट्याने मोजले. मिक्सरचे निभावले, लाखोंच्या गाडीचे कसे निभावणार?

तेव्हा बिल, शिक्का मारलेली हमीपुस्तिका आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या एकाच फायलीत ठेवा. ती फाईल कुठे आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असू द्या. विक्रेता तोंडी जे कबूल करील ते लिहून मागा.

हमी असूनही दाद मिळाली नाही, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्यापुढे 10 लाखांपर्यंत 200 रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र ती दाखल करावी. स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या गाडीचा मालकसुद्धा कायद्याने ग्राहकच आहे, हे ड्रायव्हर बांधवांनी विसरू नये.

त्या दोघांनी शेवटी तीन वर्षांच्या हमीची गाडी घेतली. तिचे लोखंड चांगले म्हणून नव्हे, तर त्यांच्या वापराला तो कागद अधिक उपयोगी होता म्हणून. शोरूममध्ये सही करण्यापूर्वी थोरल्याने पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. विक्रेता घाई करीत होता. थोरला त्याला म्हणाला, ''थांबा साहेब, हप्ते आम्हाला भरायचे आहेत.''