संगणकातील केसपेपरचे कुलूप

कागदी केसपेपर कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावता येते. संगणकातील केसपेपरचे रक्षण कसे होते, हा प्रश्न आमचे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी हे टिपण.

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाचे स्वतंत्र संगणक-खाते हेच ते कुलूप होय. खात्याचे नाव व परवलीचा शब्द दिल्यावरच नोंदी उघडतात. कोणी, केव्हा, कोणता केसपेपर पाहिला हे त्या नावावर नोंदले जाते. संपूर्ण वॉर्डाने एकच परवलीचा शब्द वापरला, तर रात्रपाळीतील इंजेक्शनची नोंद कोणी केली, हे कोणालाच सांगता येणार नाही.

खरी अडचण सततच्या ये-जा करण्याची असते. निवासी डॉक्टर, परिचारिका, प्रशिक्षणार्थी येतात, विभाग बदलतात आणि निघूनही जातात. प्रत्येकाचे खाते हाताने उघडल्यास वेळ तर जातोच, शिवाय नावात व अधिकारांत चुका होतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नोकरी सोडून गेलेल्याचे खाते उघडेच राहते.

यावरील उपाय म्हणजे स्क्रिप्ट, अर्थात संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञांची लिहून ठेवलेली यादी. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ ही खात्यांची मध्यवर्ती नोंदवही आणली. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये खाते उघडण्यासाठी ‘डीएसॲड’ ही आज्ञा मिळाली. २००९ पासून ‘पॉवरशेल’मध्ये ‘न्यू-एडीयूझर’ ही आज्ञा उपलब्ध आहे.

कामाची रीत सोपी आहे. आस्थापना विभाग नाव, कर्मचारी क्रमांक, पद, विभाग व मुदतीची तारीख यांचा तक्ता तयार करतो. स्क्रिप्ट तो ओळीने वाचते, खाते उघडते, योग्य विभागात ठेवते आणि पदानुसार गटात घालते. पहिला परवलीचा शब्द तात्पुरता असतो; तो पहिल्याच वापरात बदलावा लागतो. अधिकार व्यक्तीला न देता गटाला दिले जातात. त्यामुळे प्रयोगशाळेतील कर्मचारी नोंदणी कक्षात गेला, की जुन्या गटातून काढून त्याला नव्या गटात घातले म्हणजे पुरे. वैद्यकीय आंतरवासितेची मुदत १२ महिन्यांची असते. ती तारीख आरंभीच नोंदली, की मुदत संपताच खाते आपोआप निरुपयोगी होते.

मात्र जी आज्ञा क्षणात शंभर खाती अचूक उघडते, तीच शंभर खाती क्षणात बिघडवूही शकते. म्हणून ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय लावून, प्रत्यक्ष बदल न करता, काय घडेल ते आधी पाहावे. मग दोन-चार खात्यांवर प्रयोग करावा आणि त्यानंतरच पूर्ण यादी चालवावी. परवलीचे शब्द स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नयेत. सोडून गेलेल्याचे खाते लगेच पुसूही नये, केवळ बंद करावे. प्रत्येक खात्याला एक अंतर्गत क्रमांक असतो. खाते पुसून त्याच नावाने पुन्हा उघडले, तरी तो क्रमांक परत मिळत नाही आणि जुन्या नोंदी कोणाच्या हे शोधणे कठीण होते.

हा केवळ तांत्रिक नीटनेटकेपणा नव्हे. एचआयव्हीबाधितांविषयीची माहिती सुरक्षित ठेवणे २०१७ च्या अधिनियमाने संस्थांवर बंधनकारक केले आहे. एखाद्याचा आजार गावात कळला, तर त्याची नोकरी, मुलीचे लग्न, शेजाऱ्यांचे येणे-जाणे या साऱ्यांवर परिणाम होतो. औषधाने तो भरून येत नाही.

देणगीतून आलेले यंत्र सर्वांना दिसते. हे काम दिसत नाही, तरी त्यालाही मनुष्यबळ व निधी लागतो. नातेवाइकांना एकच नम्र विनंती आहे : ओळखीच्या कर्मचाऱ्याला ‘जरा अमक्याचा रिपोर्ट पाहून सांगा’ असे म्हणू नये. त्याने नकार दिल्यास राग मानू नये. उद्या तोच नकार आपल्या केसपेपरचे रक्षण करील.