चोवीस काड्या

आश्विन लागला की गिरगावापासून परळ-लालबागपर्यंतच्या चाळींतून, जिला तिकीट पडत नाही, मैदान लागत नाही आणि जिचे निम्मे साहित्य गणपतीच्या मखरातून उरलेले असते, अशी एक करमणूक आजही तग धरून आहे. ती म्हणजे घरच्या घरी आकाशकंदील बांधणे. पत्ते आणि कॅरम यांच्या पंक्तीला तिला बसवण्याची वहिवाट आहे खरी, पण माझ्या मते ती त्या दोहोंहून कडक शिस्तीची आहे आणि तिची सारी गोडी त्या शिस्तीतच आहे. पत्त्यांत हात बिघडला तर डाव मोडून नवा मांडता येतो. कंदिलात पहिल्या काडीला झालेली पाव इंचाची चूक शेवटच्या गाठीपर्यंत मुक्कामाला राहते.

हे काम मी लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून पाहिले, आणि बसल्या जागी मलाही दोरा धरण्याच्या कामगिरीवर नेमण्यात आले. कारभार पाहणारे आजोबा एकेकाळचे गिरणी कामगार; १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत त्यांनी साळखात्यात साचे चालवले. हाताखाली त्यांची नात आणि शेजारच्या बिऱ्हाडातली दोन मुले.

बुरुडाकडून आणलेला बांबू लांब पेरांचा आणि किंचित ओला असावा लागतो. दोन पेरांच्या मधलाच भाग घ्यायचा, कारण पेराशी त्याचा धागा वाकडा जातो. कोयत्याची धार तोंडावर टेकवून वर लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकले की बांबू आपल्या धाग्याने आपणच उभा फाटत जातो. चीर एका अंगाला सरकू लागली तर जाड अंग थोडे वाकवायचे, म्हणजे ती निमूट मध्यावर येते. पोटाकडचा भुसभुशीत गाभा सुरीने खरवडून टाकला की पाठीची चिवट, हिरवट कामटी उरते. ती कापण्यापूर्वी आजोबांनी वीतभर लांबीची एक काडी तासून, तिच्या टोकाला कुंकवाचा ठिपका लावून बाजूला ठेवली. ती मुक्रर माप. नातीने थोड्या वेळाने नुकत्याच कापलेल्या काडीवर पुढची काडी ठेवून खूण करायला घेतली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

“अगं, तिला नको विचारू, पहिलीला विचार.”

काडीवरून काडी मापत गेले तर दरवेळचा केसभर फरक साठत जातो आणि चोविसावी काडी पहिलीला ओळख देत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले नाही. सांगण्याची आवश्यकताही उरली नाही, कारण शेजारच्या मुलाने तोवर तसेच करून ठेवले होते आणि त्याच्या चार काड्यांचा चौकोन जमिनीवर धड बसत नव्हता.

चार-चार काड्यांचे सहा चौकोन, म्हणून चोवीस. त्यांपैकी चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधून त्यांचे कडे करायचे. पाचवा माथ्यावर, सहावा तळाशी, आणि या दोघांचे कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या-खालच्या टोकांना जोडायचे. बारा ठिकाणी गाठी पडतात, आणि मधल्या मोकळ्या जागांतून, ज्यांच्यासाठी एकही काडी निराळी खर्ची पडलेली नाही, असे आठ त्रिकोण आपोआप उपजतात. काडी नऊ इंचांची असेल तर कंदील कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दीड फूट भरतो, उंचीला पावणेतेरा इंच. तुटलेला धागा जोडण्यात ज्यांच्या बोटांची उमेद गेली, त्या आजोबांची गाठ डोळ्यांना दिसण्यापूर्वीच पडलेली असे. माझ्या गाठी नातीने गुपचूप सोडून पुन्हा मारल्या.

या चौदा बाजूंच्या आकृतीचे कुलशील फार थोर आहे. आर्किमिडीजने वर्णिलेल्या तेरा घनाकृतींपैकी ही एक. त्याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला आणि पॅप्पस नावाच्या उत्तरकालीन गणितज्ञाने ठेवलेल्या नोंदीमुळे ती मालिका आपल्यापर्यंत पोहोचली. पण गॅलरीत प्रत्यक्ष बांधून झालेली ही थोर आकृती हातात धरली तर मान टाकते. वरून दाबावे तर ती गिरकी घेत खाली बसते, सोडावे तर तिरकी उभी राहते. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी संशोधकाला गेल्या शतकात या गिरकीचेच एवढे कौतुक वाटले की त्याने तिला ‘जिटरबग’ या त्या काळच्या नाचाचे नाव दिले. त्रिकोण हलत नाही, चौकोन कलंडतो. म्हणून सहा चौकोनांना सहा कर्ण हवेत, एकही कमी चालत नाही. तळाच्या चौकोनात दिव्यासाठी कामट्यांची फुली बांधतात, माथ्यावर टांगण्याच्या दोरीसाठी एक काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घालतात. दोन चौकोनांचा बंदोबस्त असा परस्पर होतो. उरलेल्या चारांची जबाबदारी कागदावर. ज्याला आपण निव्वळ शोभा समजतो तो पतंगी कागदच या सांगाड्याला ताठ उभे करतो, हे पाहून मला जो आनंद झाला तो तिकीट काढून पाहिलेल्या पुष्कळ खेळांत झालेला नाही.

खळ मैद्याची. गार पाण्यात गुठळी मोडून, मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरी खळ काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत. झुरळांनी कंदील खाऊ नये म्हणून आजोबा तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही आणि मुलांना खळ बोटाने लावण्याची सक्त मनाई असते. चौकोनाहून अर्धा इंच मोठा कागद कापून त्याची कड काडीभोवती वळवायची. आमचा पहिला कागद सैल, सुरकुतलेला बसला. आजीबाईंनी आतून येऊन, न विचारता, त्याच्यावर ओल्या हाताने पाण्याचे तुषार उडवले. मला वाटले, गेला. वाळताना तो कागद आक्रसला आणि संध्याकाळपर्यंत असा ताणला गेला की टिचकी मारली तर वाजावा. पाऊस मुंबईतून हटला तरी ऑक्टोबरची हवा दमट राहते, तेव्हा ‘वाळला का?’ हा तगादा मुलांनी दिवसभर चालवला होता.

करंज्या, झिरमिळ्या आणि शेपट्या यांत मात्र शिस्त बरखास्त होते. कागदाच्या घड्या घालून कात्री चालवायची आणि उलगडून काय निघते ते पाहायचे. रंगांवरून भांडणे व्हायची ती याच खात्यात.

माहीमच्या कंदील गल्लीत किंवा दादरच्या रानडे रोडवर तयार कंदील घेणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. ते देखणे असतात आणि विकणाऱ्यांतही पुष्कळांचे हात वर्षानुवर्षे मुरलेले आहेत. आमचा कंदील त्यांच्या शेजारी लावला तर गावंढळ दिसेल. त्याचा एक कोपरा अजून अर्ध्या बोटाने बाहेर आहे, आणि तो कोणाच्या काडीमुळे, यावर चाळीत एकमत नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाली की आजोबा गाठी कापून टाकतात. दहा बाय बाराच्या खोलीत सांगाडा ठेवायला जागा नसते हे एक कारण. दुसरे, बांधलेला सांगाडा आयता मिळाला तर पोरे नुसता कागद डकवून मोकळी होतील. काड्यांची जुडी पोटमाळ्यावर, भिंतीच्या कडेला मावते. वर्षभरात वाळून दोन-चार कडकतात. तेवढ्याच नव्या तासायच्या, त्याही ठिपकेवाल्या काडीला विचारून.