जड धातू, जैवकोळसा आणि नदीचा हिशेब

पिंपळे गुरवच्या नळाला येणारे पाणी आणि पिंपळे गुरवच्या काठाने वाहणारे पाणी ही दोन्ही पवनेचीच. परंतु या दोहोंमध्ये एक अख्खी उद्योगनगरी उभी आहे. नळाचे पाणी मुख्यतः वर रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. तेथून खाली नदी शहरात शिरते, नाले पोटात घेते, दापोडीपाशी मुळेला मिळते आणि पुढे मुळा-मुठा व भीमा यांच्या वाटेने उजनीच्या जलाशयात जाते. नदीवर फेस आला की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. जड धातूंना मात्र फेस नसतो आणि वासही नसतो, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे या पट्ट्यात आहेत. त्यांपैकी काहींत भागांवर जस्त, निकेल वा क्रोमियम यांचा मुलामा चढविला जातो. मुलामा दिलेला भाग धुतल्यावर जे पाणी उरते, त्यात हे धातू विरघळलेले असतात. मैला कालांतराने कुजून जिरतो. धातू कुजत नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे क्रोमियम 0.05 मिलिग्रॅमहून आणि कॅडमियम 0.003 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. इतक्या सूक्ष्म मात्रेपर्यंत पोचणे हेच कठीण. रसायने व चुना घालून बहुतेक धातू गाळाच्या रूपाने खाली बसविता येतो; अडचण उरते ती शेवटच्या अंशाची.

येथे जैवकोळशाचा विचार करावयाचा आहे. पाचट, पऱ्हाट्या, भाताचे तूस, नारळाच्या करवंट्या असा शेतीचा टाकाऊ माल हवा जवळजवळ बंद ठेवून तापविला की सच्छिद्र कोळसा मिळतो. त्याच्या पृष्ठभागावर शिसे, कॅडमियम यांसारखे धातू धरले जातात. परंतु साध्या कोळशाचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो, आणि घातक षट्‌संयुजी क्रोमियमही पाण्यात ऋणभारित रूपातच असते. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात. म्हणून कोळशावर लोहाच्या क्षारांची प्रक्रिया करतात, किंवा पाणी आम्लधर्मी ठेवतात. मग क्रोमियम धरले जाते आणि त्याचा काही भाग कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात बदलतो. अर्थात प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावणात दिसणारी क्षमता कारखान्याच्या तेलकट, साबणयुक्त, नाना धातूंनी भरलेल्या पाण्यात तशीच टिकेल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

कोळसा करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली आणि तिला 2002 साली अॅशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. पण जे पाचट शेतकरी फडातच पेटवून देत असे, त्याला बाजार मिळू शकतो हे त्यातून दिसले. ‘टाकाऊ’ हा शब्द मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जपून वापरावा. उसाची चिपाडे एकेकाळी टाकाऊच होती. आज त्यांवर कारखान्यांचे वीजप्रकल्प चालतात. मागणी आली की पाचटालाही भाव येईल, आणि तो यावाच.

पण खरा खर्च कोळसा विकत घेण्याचा नाही. कोळसा धातू नाहीसा करीत नाही. पाण्यातला धातू आपल्याकडे ओढून घेतो, इतकेच. काही काळाने तो भरतो. अशा कोळशाचे पोते कोणाच्या अंगणात ठेवावयाचे? 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचऱ्यात मोडू शकतो, आणि अशा कचऱ्यासाठी रांजणगाव येथे सामायिक व्यवस्था आहे. तेथवर नेण्याला पैसे पडतात, उकिरड्यावर टाकण्याला पडत नाहीत. त्यातच एक मोह असा की, जैवकोळसा जमिनीलाही उपयुक्त असतो. वापरलेला कोळसा ‘सेंद्रिय’ म्हणून एखाद्याच्या शेतात गेला, तर नदीतून वाचविलेला धातू पिकात उतरेल. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्यांची हाडे वरच्या खाणीतील कॅडमियमने ठिसूळ झाली. 1968 साली तेथील सरकारने हे मान्य केले.

प्रदूषणाचा भार प्रदूषकानेच उचलावा, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तमिळनाडूतील चर्मोद्योगाच्या खटल्यात स्वीकारले. तत्त्व स्वच्छ आहे; परंतु दहा कामगारांच्या वर्कशॉपपाशी प्रयोगशाळा नसते आणि निरीक्षक रोज येत नाही. म्हणून गॅसच्या सिलिंडरसारखी अनामत पद्धत करून पाहावी. मोजून दिलेल्या कोळशाचे पिंप वर्कशॉपने घ्यावे, भरघोस अनामत ठेवावी, आणि वापरलेले पिंप परत आल्यावरच ती मिळावी. परत आलेल्या कोळशातील धातू तपासला की त्या वर्कशॉपने पाणी खरोखर त्यातून सोडले की नाही, हेही कळेल. मग आज फुकट असलेला नाला महाग पडू लागेल.

राहता राहिला प्रश्न हा खर्च कोणी सोसावा याचा. लहान वर्कशॉपला मुलाम्याचा दर नगामागे ठरवून मिळतो आणि तो ठरविण्याची ताकद बहुधा माल घेणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे असते. पिंपाचा, वाहतुकीचा आणि रांजणगावचा खर्च त्या दरात धरला जाणार नसेल, तर वर्कशॉपमालक पिंप घेईल, कोपऱ्यात ठेवील आणि पाणी पूर्वीप्रमाणेच रात्री सोडील.