अब्बा नेमके काय काम करतात?

कॅन्सरची शंका आली की दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: तंबाखू, गुटखा, बिडी, काही आहे का? प्रश्न योग्यच आहे. आपल्याकडे तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर किती घरे उद्ध्वस्त करतो हे वेगळे सांगायला नको. पण उत्तर ‘हो’ आले की चौकशी बहुधा तिथेच थांबते. ‘नाही’ आले तर घरचे म्हणतात, अल्लाहची मर्जी. माणसाने वीस-तीस वर्षे कोणती धूळ आणि कोणता धूर छातीत घेतला, हात कशात बुडवले, हे केसपेपरवर फारसे येत नाही. व्यवसायाच्या रकान्यात एक शब्द असतो: मजुरी.

हा रकाना आम्हा शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचा. दरवर्षी जूनमध्ये प्रवेश अर्ज भरून घेताना निम्म्या अर्जांवर वडिलांचा व्यवसाय ‘मजुरी’ किंवा ‘खाजगी नोकरी’ असतो. मुलांना जरा खोदून विचारले की उत्तरे उलगडतात. कुणाचे अब्बा फर्निचरला पॉलिश मारतात, कुणाचे गॅरेजमध्ये वेल्डिंग करतात, कुणाचे टाइल्स कापतात. एकाच ‘मजुरी’त किती वेगवेगळ्या धुळी आणि वाफा दडलेल्या असतात!

कामाच्या ठिकाणची कोणती गोष्ट कॅन्सर घडवते हे जगाला कळले ते प्रयोगशाळेच्याही आधी, या साध्या प्रश्नातून. १७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवले की धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना वृषणाच्या त्वचेचा एक विशिष्ट कॅन्सर होतो. ही माणसे लहानपणी अरुंद धुराड्यांत चढवली जात. काजळी घामासोबत त्वचेच्या सुरकुत्यांत बसे, आणि रोग उभा राही तो बऱ्याच वर्षांनी. त्याआधी वैद्य याला गुप्तरोग समजत. म्हणजे गरिबाच्या अंगाला रोगही चिकटायचा आणि बदनामीही.

काजळीतला नेमका कोणता घटक घातक, हे पॉटना ठाऊक नव्हते. डांबरातून बेन्झोपायरीन नावाचे रसायन वेगळे काढले गेले ते १९३० च्या दशकात, दीडशे वर्षांनी. पण अंगावर काजळी बसू न देणे हा उपाय त्यासाठी अडून राहायचे कारण नव्हते. युरोपातील इतर देशांत हे कामगार अंगभर घट्ट कपडे घालत आणि नियमित अंघोळ करत. तिथे हा रोग विरळा होता, असे १८९२ साली बटलिन या इंग्रज डॉक्टरांनी दाखवले. इंग्लंडमध्ये मात्र मुलांना धुराड्यात चढवण्याला खरा आळा बसायला १८७५ उजाडले. पॉटच्या लिखाणानंतर पुरी शंभर वर्षे.

आता आपल्या ओळखीच्या धंद्याकडे येऊ. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे गाव लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात त्या भागातील नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्थर हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक अत्यंत दुर्मीळ कॅन्सर त्यांच्याकडे वारंवार येतो आहे आणि रुग्ण बहुतेक फर्निचर कारागीर आहेत. मग एचिसन या संशोधकासोबत रीतसर नोंदी तपासल्या गेल्या आणि १९६८ साली निष्कर्ष छापून आले. या कारागिरांमध्ये त्या कॅन्सरचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या शेकडो पट निघाले. कारण होते लाकडाची बारीक धूळ, विशेषतः ओक, बीच अशा कठीण लाकडाची. पुढे बुटांच्या कारखान्यांतील चामड्याच्या धुळीबद्दलही असेच आढळले.

अशा तपासाची रीत समजायला अवघड नाही. एका बाजूला रोग झालेली माणसे घ्यायची, दुसऱ्या बाजूला त्याच वयाची, त्याच भागातली, पण तो रोग नसलेली. दोघांनाही एकच विचारायचे: आयुष्यात कोणकोणती कामे केलीत, किती वर्षे? एका गटात एखादे काम फारच जास्त दिसले तर तिथे काहीतरी आहे. अडचण काळाची असते. लाकडाची धूळ आणि तो कॅन्सर यांत बहुधा तीस-चाळीस वर्षांचे अंतर असते. तोवर कारागिराने तीन मालक बदललेले असतात, एखादा कारखाना बंद पडलेला असतो, हजेरीपुस्तक उधईने खाल्लेले असते. रोग साठीत येतो आणि त्याचे मूळ विशीत असते.

वाचक भगिनींनी पुढची हकीकत जरूर वाचावी. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या छातीच्या अस्तराच्या कॅन्सरचे ३३ रुग्ण नोंदवले. जवळजवळ सगळ्यांचा ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागाशी संबंध निघाला, आणि त्यांतले सगळेच खाणकामगार नव्हते. काहींचे तिथे फक्त बालपण गेले होते. १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाऊस आणि थॉम्प्सन यांनी अशा ७६ रुग्णांचा इतिहास काढला. त्यांपैकी ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसचे काम केले होते. आणखी ९ जणांनी कारखान्यात पाऊलही ठेवले नव्हते, पण घरातले कुणीतरी तिथे कामाला होते. यांत बायका जास्त होत्या. नवरा संध्याकाळी धुळीने भरलेले कपडे घेऊन यायचा, बायको ते झटकून धुवायची. एवढाच तिचा आणि ॲस्बेस्टॉसचा संबंध.

आपल्याकडे ॲस्बेस्टॉसचे नाव काढले की लोकांना घरावरचे सिमेंटचे पत्रे आठवतात. पत्रा शाबूत असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. तंतू उडतात ते पत्रा करवतीने कापताना, भोके पाडताना, फोडताना. पण जुन्या जहाजांच्या इंजिनखोल्यांत, बॉयलरच्या आणि वाफेच्या नळांच्या वेष्टणात हाच पदार्थ भरलेला असे. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतले मरहूम वडील, चाचा, मामू बोटीवर खलाशी किंवा आगवाले होते. त्यांच्यापैकी कुणाला म्हातारपणी छातीत पाणी झाले असेल तर डॉक्टरांना बोटीचा उल्लेख कुणी केला होता का? आमच्या पाहण्यात तरी असा उल्लेख कुणी केलेला नाही.

‘ते बिडी ओढत होते, त्यामुळे झाला’ हे वाक्य आम्हाला फार खटकते. अमेरिकेत सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी ॲस्बेस्टॉसच्या वेष्टणाचे काम करणाऱ्या हजारो कामगारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट वाढला, केवळ सिगारेटने सुमारे अकरापट. आणि दोन्ही असलेल्यांत? सोळापट नव्हे, पन्नासपटीहून अधिक. बिडी ओढणाऱ्या कामगाराला धुळीपासून जास्त जपायला हवे, असा याचा अर्थ होतो. व्यवहारात उलटे घडते. बिडी सापडली की मालक सुटतो, आणि शेजारच्या यंत्रावरचा जवान मुलगा तीच धूळ घेत राहतो.

सगळेच जुन्या काळातले नाही. जपानमध्ये ओसाकातल्या एका लहान छापखान्यात पित्तनलिकेचा कॅन्सर झालेले तरुण कामगार आढळले. हा एरवी उतारवयातला आजार. यांची वये २५ ते ४५. कुमागाई या संशोधकाने माहिती जमवली आणि २०१३ साली छापली. प्रूफ छापण्याच्या खोलीत किमान वर्षभर काम केलेल्या ६२ पुरुषांपैकी ११ जणांना हा कॅन्सर झाला होता. खोलीत हवा नीट खेळत नव्हती आणि यंत्रावरची शाई पुसायला दिवसभर एक द्रावण वापरले जाई. त्यात डायक्लोरोप्रोपेन नावाचे रसायन होते. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने ते कॅन्सरकारक ठरवले. तोवर ते वापरणाऱ्यांच्या लेखी निव्वळ पुसण्याचे पाणी होते!

ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेची, फ्रान्समधील लियाँ शहरात १९६५ पासून आहे. कोणत्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पुरेसा झाला की ती गोष्ट पहिल्या गटात जाते. लाकडाची आणि चामड्याची धूळ, दगड आणि टाइल कापताना उडणारी सिलिकाची भुकटी, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर, बेन्झीन, फॉर्मॅलिन, रंगाऱ्याचे काम, हे सर्व त्या गटात आहे. वेल्डिंगच्या धुराचा निर्णय तर अलीकडचा, २०१७ चा. मात्र या यादीचा अर्थ नीट लावावा. कॅन्सर होऊ शकतो का, एवढेच ती सांगते. किती होतो हे सांगत नाही. पहिल्या गटात सिगारेट आहे आणि डबाबंद सॉसेजही, म्हणून दोन्ही सारखी घातक ठरत नाहीत. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासानुसार कॅन्सरच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ५ टक्के कामाच्या ठिकाणच्या संपर्कामुळे होतात, पुरुषांत ८ टक्के. म्हणजे प्रत्येक सुताराला कॅन्सर होणार, असे मुळीच नाही. हलाल रोजीवर कुणी पाणी सोडावे असेही आम्ही सुचवत नाही.

कायद्याचेही पाहू. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या कायद्याला व्यवसायजन्य आजारांची यादी जोडलेली आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा त्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि प्रत्येकाच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे जपून ठेवायला सांगितले. ४० वर्षे का, हे वरच्या हकीकतींवरून ध्यानात यावे. पण हा हक्क मागायला काम केल्याचा पुरावा लागतो, आणि गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर राबणाऱ्याकडे तो नसतो.

म्हणून घरात एक साधी वही करावी असे आम्ही सुचवतो. शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने अब्बांजवळ बसून लिहावी. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठे, कुणाकडे, हातात नेमके काय असायचे. करवत की पॉलिशपेपर, ब्रश की स्प्रे. डब्यावरचे नाव आठवत नसेल तर आजच्या डब्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खिडकी होती का, पंखा होता का, तोंडाला काय बांधत होते. सौदी, कुवेत, दुबईत काम केलेल्यांनी जुने करारपत्र, इकामा, गेटपास फेकू नयेत. बोटीवरच्यांनी आपली जुनी खलाशी-वही सांभाळावी. अम्मीचेही काम लिहावे. घरी बसून चपलांना सोल्युशन लावणे हेही कामच आहे.

धुळीबाबत दोन गोष्टी आजपासून होण्याजोग्या आहेत. टाइल किंवा दगड कापताना पाणी मारत राहावे, आणि भुसा कोरड्या झाडूने उडवू नये. तोंडावरचा रुमाल बारीक धूळ अडवत नाही, त्यासाठी धुळीचा खास मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, घरी आणलेच तर न झटकता आधी भिजवावेत, पोराबाळांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

सुतारकाम करणाऱ्याची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहत असेल किंवा तिच्यातून रक्त येत असेल तर सर्दी समजून थेंब घालत बसू नये. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, वही सोबत न्यावी, आणि त्यांनी विचारले नाही तरी सांगावे: डॉक्टरसाहेब, हे तीस वर्षे लाकूड घासत आले आहेत, हे केसपेपरवर लिहून घ्या.